उंबरठा, वर्दी आणि स्वसंरक्षणाचा हक्क

गेल्या पावसाळ्यात धुळे जिल्ह्यातील एका वस्तीत संविधानावर बोलायला गेलो होतो. समाजमंदिर भरले होते. मूलभूत हक्क, कलम २१, प्रतिष्ठेने जगण्याचा अधिकार असे सगळे बोलून झाले आणि मी म्हणालो, "आता प्रश्न विचारा." पोरे गप्प बसली. मागे भिंतीला टेकून बसलेले एक आबा उठले. जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबलेला तो माणूस. म्हणाले, "मास्तर, हाई सगळं ठीक शे. पन एक सांगा. रातले पोलीस घरमा घुसतस, भांडा फेकतस, पोऱ्याले उचली लई जातस. तवय घर आपलं शे का नही? आपण हात उचलू शकतस का नही?"

मी राज्यशास्त्राचा प्राध्यापक. उत्तर दिले, "कायद्यात त्याची तरतूद आहे, आबा." आबा काही न बोलता बसले. जळगावच्या एस. टी.त बसल्यावर मला माझ्या उत्तराची लाज वाटू लागली. कारण तो प्रश्न माझ्या घरातूनच उठला होता.

मी सातवीत असताना एका रात्री आमच्या वस्तीत पोलीस आले. गावात विहिरीवरची मोटार चोरीला गेली होती. चोरी गावात झाली, झडती मात्र आमच्या वस्तीची. आमचे दार नुसते ओढून घेतलेले होते; ते लाथेने उघडले गेले. आईने भरून ठेवलेली ज्वारीची कोठी उपडी झाली. माझे दप्तरही झटकून पाहिले. शेजारच्या काकांनी मात्र दारात उभे राहून विचारले, "कागद दाखवा." उत्तरादाखल कानाखाली बसली, तेव्हा काकांनी समोरच्याला धक्का दिला. तेवढेच. मोटार वस्तीत सापडली नाही. पण काकांवर सरकारी कामात अडथळा आणल्याचा खटला झाला आणि नऊ वर्षे ते तारखांना जात राहिले. शेवटी सुटले. तोपर्यंत सालदारकी गेली होती आणि मोठ्या पोराची शाळाही गेली होती.

त्या रात्री किती गोष्टी बेकायदा झाल्या त्यांची नोंद कोठेच झाली नाही. एक धक्का तेवढा कागदावर आला. आपल्या माणसांचा कायद्याशी संबंध असा एकाच बाजूने लिहिला जातो. म्हणून हा विषय भावनेवर न सोडता नीट समजून घेतला पाहिजे. मी वकील नाही. पण जे वाचले, विचारले आणि पडताळले, ते कार्यकर्त्यांपुढे ठेवतो.

पहिला गैरसमज: वॉरंट नसले की पोलिसांचे घरात येणे बेकायदाच

आपल्या सभांतून हे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही आणि त्यावर विसंबून पोरे तुरुंगात जातात. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. तिच्या कलम ४४ (जुने ४७) प्रमाणे, ज्याला अटक करण्याचा पोलिसांना अधिकार आहे तो माणूस घरात असल्याचे मानण्यास कारण असेल, तर घरमालकाने त्यांना आत येऊ दिले पाहिजे. त्यांनी आपला अधिकार आणि हेतू सांगून आत घेण्याची मागणी केली आणि तरी दार उघडले नाही, तर ते दार तोडू शकतात. दखलपात्र गुन्ह्यात अशा अटकेला वॉरंट लागतेच असे नाही.

झडतीचेही तसेच. कलम १८५ (जुने १६५) प्रमाणे तपास करणारा अधिकारी विनावॉरंट झडती घेऊ शकतो. पण अटी आहेत. ठराविक वस्तू ठराविक जागी सापडेल असे मानण्याची कारणे त्याने अगोदर लिहून ठेवली पाहिजेत, आणि त्या नोंदीची प्रत ४८ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्याकडे गेली पाहिजे. कलम १०३ (जुने १००) म्हणते की झडतीला त्या परिसरातील दोन किंवा अधिक स्वतंत्र व प्रतिष्ठित पंच हवेत, घरातल्या माणसाला झडतीच्या वेळी हजर राहू दिले पाहिजे, जप्त वस्तूंची यादी करून तिची प्रत त्याला दिली पाहिजे आणि स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच, सभ्यता पाळून घेतली पाहिजे. नव्या कलम १०५ ने झडती व जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण करणेही बंधनकारक केले आहे.

अटक करणाऱ्याच्या अंगावर नाव स्पष्ट दिसेल अशी पट्टी हवी, अटकेचा कागद करून त्यावर साक्षीदाराची सही हवी, आणि २४ तासांच्या आत आरोपी न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजर केला पाहिजे. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करायची नाही. अपवादात्मक परिस्थितीत करायची तर स्त्री अधिकाऱ्याने न्यायदंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घेऊनच.

तात्पर्य, पोलीस कागद नसताना आले एवढ्यावरून ते बेकायदा ठरत नाहीत, आणि वर्दीत आले एवढ्यावरून कायदेशीरही ठरत नाहीत.

हात उचलण्याचा हक्क आणि त्याची कुंपणे

स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही शरीराचे व मालमत्तेचे रक्षण करण्याचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. जुन्या दंड संहितेतील ९६ ते १०६ ही कलमेच येथे आली आहेत. रात्री घरफोडी होत असेल, किंवा कोणी घरात घुसल्याने मृत्यू अथवा जबर दुखापत होईल अशी वाजवी भीती असेल, तर हा हक्क फार दूरवर जातो. हल्लेखोराचा जीव जाईपर्यंतही जातो. येथपर्यंत वाचून पुष्कळांना वाटते की प्रश्न सुटला.

प्रश्न सुटत नाही, कारण मध्ये कलम ३७ (जुने ९९) उभे आहे. आबांच्या प्रश्नाचे खरे उत्तर या कलमात आहे. त्याचा आशय असा: लोकसेवक आपल्या पदाच्या नात्याने, सद्भावनेने काही कृत्य करीत असेल आणि त्या कृत्यामुळे मृत्यूची वा जबर दुखापतीची वाजवी भीती निर्माण होत नसेल, तर ते कृत्य काटेकोरपणे कायद्यात बसत नसले तरीही त्याच्याविरुद्ध स्वसंरक्षणाचा हक्क नाही.

म्हणजे पोलिसाची चूक झाली, पंच आणले नाहीत, कारणे लिहिली नाहीत, तरी तेवढ्यासाठी त्याच्यावर हात टाकता येत नाही. दाद नंतर मागायची. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने केशो राम खटल्यात हेच सांगितले. दिल्ली महानगरपालिकेचे कर्मचारी कर थकला म्हणून केशो रामची म्हैस जप्त करायला गेले. त्याने एकाच्या नाकावर ठोसा मारला. मागणीची नोटीस रीतसर बजावलेली नव्हती, म्हणून जप्ती बेकायदा, असा त्याचा बचाव होता. न्यायालय म्हणाले, कर्मचारी सद्भावनेने काम करीत होते, हक्क नाही.

मग हक्क उरतो कोठे? चार ठिकाणी.

एक, जिथे मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती आहे. तेथे वर्दीचे संरक्षण संपते. घरात घुसून कोणी माणसाचे डोके फोडू लागला, तर तो पोलीस आहे म्हणून मरत राहा असे कायदा म्हणत नाही. दोन, जिथे सद्भावना नाही. योग्य ती काळजी व लक्ष देऊन केलेले नाही ते सद्भावनेने केलेले नव्हे, अशी संहितेचीच व्याख्या आहे. सूड घेण्यासाठी किंवा पाटलाच्या सांगण्यावरून घर उद्ध्वस्त करणे ही सद्भावना होऊ शकत नाही. तीन, जिथे कृत्याचा पदाशी मुळी संबंधच नाही. अधिकार वापरताना राहिलेली उणीव वेगळी आणि मुळात अधिकारच नसणे वेगळे, असा भेद न्यायालये करीत आली आहेत. चार, समोरचा लोकसेवक आहे हे ठाऊक नाही आणि ठाऊक असण्याचे कारणही नाही. मध्यरात्री साध्या कपड्यांत, ओळख न सांगता आलेल्यांबद्दल हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो.

या चारही ठिकाणी आणखी दोन अटी आहेत. बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलीस निघून गेले की हक्क संपला. दुसऱ्या दिवशी चौकीवर दगड मारणे हे स्वसंरक्षण नव्हे. शिवाय हा बचाव शक्यतांच्या पारड्यावर का होईना, न्यायालयात आरोपीलाच दाखवून द्यावा लागतो. भीती वाजवी होती हे त्या रात्री आपण ठरवतो. ते खरोखर ठरते मात्र पुष्कळ वर्षांनी, दुसऱ्याच कोणाच्या टेबलावर. चुकीची किंमतही लहान नाही. कर्तव्यापासून रोखण्यासाठी लोकसेवकावर बळ वापरल्यास कलम १३२ (जुने ३५३) खाली दोन वर्षांपर्यंत, दुखापत केल्यास कलम १२१ खाली पाच वर्षांपर्यंत आणि जबर दुखापत केल्यास एक ते दहा वर्षे शिक्षा आहे.

येथे एका दुसऱ्या निकालाचा उल्लेख केला पाहिजे. राधा किशन खटल्यात (१९६३ च्या अहवालात तो छापला आहे) टपाल खात्यातील एका नोकराच्या घराची झडती नियम मोडून झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की बेकायदा झडतीला ज्याचे घर आहे तो प्रतिकार करू शकतो आणि अशा झडतीतील पुरावा न्यायालयाने जपून तपासावा. हे वाक्य वकील मंडळी अभिमानाने सांगतात. पण त्याच खटल्यात जप्ती रद्द झाली नाही. पुढे १९८० साली मुंबईतील सोन्याच्या जप्तीवरून आलेल्या नटवरलाल सोनी खटल्यातही न्यायालयाने तोच मार्ग धरला: झडती बेकायदा असली तरी सापडलेला माल पुराव्यात येतो. तेव्हा 'प्रतिकार' या शब्दाचा अर्थ आपण सावधपणे घेतला पाहिजे. दारात उभे राहून नाव, अधिकार, कारण विचारणे, आपली हरकत मोठ्याने सांगणे, कोऱ्या कागदावर सही न करणे हाही प्रतिकारच आहे, आणि तो कलम ३७ च्या कुंपणाच्या आत बसतो.

बाबासाहेबांची हुकलेली तरतूद

घराचा उंबरठा संविधानातच सुरक्षित का नाही, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. त्याचा इतिहास आपल्या लोकांना फारसा ठाऊक नाही.

१९४७ साली बाबासाहेबांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन लिहिले. त्यातील मूलभूत हक्कांत, अवाजवी झडती व जप्तीपासून माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू सुरक्षित राहतील असे कलम होते. अमेरिकन संविधानातील चौथ्या दुरुस्तीच्या वळणाचे ते होते. घटनेच्या मसुद्यात मात्र ते आले नाही. डिसेंबर १९४८ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी घटना समितीत तशी दुरुस्ती मांडली. बाबासाहेब ती स्वीकारायला तयार झाले. त्यांचे म्हणणे असे होते की हे सारे फौजदारी प्रक्रिया संहितेत आहेच. पण उद्याचे एखादे विधिमंडळ ते काढून टाकू शकेल, म्हणून व्यक्तिस्वातंत्र्याच्या दृष्टीने इतक्या महत्त्वाच्या तरतुदी विधिमंडळाच्या हाताबाहेर ठेवणे इष्ट आहे. सभागृहात हरकती निघाल्या, निर्णय लांबला आणि दुरुस्ती फेटाळली गेली.

त्याचे परिणाम आपण भोगले. १९५४ साली एम. पी. शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की अमेरिकेसारखी तरतूद आपल्या घटनेत नाही, तेव्हा ती ओढूनताणून आणता येणार नाही. ही कडी तुटायला २०१७ चा पुट्टस्वामी निकाल यावा लागला. त्यात नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपण हा मूलभूत हक्क मानला. मधल्या काळात एक कवडसा पडला होता. खरक सिंग नावाच्या माणसाला दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी सोडले होते, तरी उत्तर प्रदेशात पोलीस रात्री-अपरात्री त्याचे दार ठोठावून तो घरात आहे का ते पाहत. १९६२ साली न्यायालयाने हे रात्रीचे दार ठोठावणे कलम २१ विरुद्ध ठरवले.

खरक सिंगची रात्र आपल्या खानदेशात कोणाची रात्र आहे हे सांगायला नको. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसे जन्मतःच संशयित ठरवली. तो कायदा १९५२ साली गेला, पण सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे त्याच्या जागी आले आणि पारध्याच्या पालाकडे पाहण्याची नजर तीच राहिली. मे २०२४ मध्ये अमानतुल्ला खान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की मागास जाती-जमातींतील निरपराध माणसांची नावे केवळ त्यांच्या सामाजिक पार्श्वभूमीमुळे पोलिसांच्या इतिहासपत्रकात चढवू नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुकन्या शांता खटल्यात न्यायालयाने विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये असे पोलिसांना बजावले. दीडशे वर्षांनी हे लिहावे लागते, यातच सगळे आले.

कायद्याची भाषा कोणाकडे पाहून लिहिली?

झडतीला पंच 'प्रतिष्ठित' हवेत. गावात प्रतिष्ठित कोण हे कायदा सांगत नाही, गावगाडा सांगतो. आमच्या घराच्या झडतीला कोणी पंच आला नव्हता. आला असता तर वरच्या गल्लीतून आला असता. पण कायद्यात 'प्रतिष्ठित' म्हणजे सवर्ण असे कोठे आहे? आमच्या वस्तीतली अंगणवाडीताई, एस. टी.चा निवृत्त वाहक, बी. ए. झालेली सून हे त्या परिसरातले प्रतिष्ठित रहिवासी आहेत. तसे आपण म्हटले पाहिजे आणि पंच म्हणून पुढे उभे राहिले पाहिजे.

दुसरे उदाहरण. कलम ४४ मध्ये स्त्रीच्या खोलीला एक संरक्षण आहे: तिला बाहेर पडायला वेळ दिल्याशिवाय आत घुसायचे नाही. पण कोणत्या स्त्रीच्या? जी रूढीप्रमाणे चारचौघांत येत नाही तिच्या. गोषातल्या बाईची अब्रू कायद्याला दिसली. माझी आई पहाटे पाचला कापूस वेचायला जात असे. ती चारचौघांत येते, म्हणून तिच्या खोलीला हे संरक्षण नाही. राबणाऱ्या बाईची अब्रू या वाक्यात कोठेच नाही, आणि नव्या संहितेनेही ते वाक्य तसेच उचलले आहे. हे बदलण्याची मागणी स्त्री-संघटनांनी आणि आपण मिळून केली पाहिजे.

ब्लॅक पँथरचा धडा

१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतील ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. ओकलंडमध्ये १९६६ साली स्थापन झालेल्या त्या पक्षाच्या मूळ नावातच 'स्वसंरक्षणासाठी' असा शब्द होता. त्यांचे कार्यकर्ते एका हातात कायद्याचे पुस्तक घेऊन पोलिसांच्या मागे फिरत. हे आपण विसरतो, बंदूक तेवढी लक्षात ठेवतो. ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे शिकागोत पोलीस फ्रेड हॅम्प्टन या २१ वर्षांच्या नेत्याच्या घरात घुसले आणि तो अंथरुणातच मारला गेला. पोलीस म्हणाले, चकमक झाली. तपासात निघाले की ऐंशीहून अधिक गोळ्या पोलिसांच्या होत्या आणि आतून सुटलेली फार तर एक. हे सिद्ध कशामुळे झाले? साथीदारांनी आणि वकिलांनी भिंतीवरची भोके मोजली, छायाचित्रे घेतली, शेजाऱ्यांना घर दाखवले. कोणाही पोलिसाला शिक्षा झाली नाही हे खरे. पण १९८२ साली सरकारला १८ लाख ५० हजार डॉलर भरपाई द्यावी लागली आणि खोटे खोटे म्हणून नोंदले गेले. त्या घरातून सुटलेल्या गोळीने कोणाला वाचवले नाही. मोजलेल्या भोकांनी सत्य वाचवले.

मग करायचे काय?

पोलीस आले की एकट्याने दारात उभे राहू नये; वस्तीने यावे, पण हात मागे ठेवून. अधिकाऱ्याचे नाव, ठाणे, कारण विचारावे. मोबाईलवर चित्रण करावे. वाटेत आडवे न येता, अंतर ठेवून. झडतीची यादी व अटकेचा कागद मागावा, न दिल्यास तसे त्याच रात्री वहीत तारीख-वेळ घालून लिहावे आणि चार साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. मार लागला असेल तर सकाळी सरकारी दवाखान्यात जाऊन जखमांची नोंद करावी. ठाण्यात तक्रार घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांकडे पोस्टाने पाठवावी आणि पोच जपावी. त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्याकडे जावे.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चे कलम १४७ फार थोड्यांना माहीत आहे. कायदेशीर अधिकार वा वाजवी कारण नसताना घरात घुसणाऱ्या, झडती घेणाऱ्या किंवा विनाकारण अटक करणाऱ्या पोलिसाला त्याखाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण त्याच कायद्याचे कलम १६१ अशा खटल्यांना सहा महिन्यांची मुदत घालते. आपली माणसे भीतीने वर्ष काढतात आणि दार बंद होते. म्हणून उशीर करू नये. माणूस नेला आणि कोठे ठेवला ते सांगत नसतील, तर जळगाव-धुळ्याला उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठ आहे. वकिलाला पैसे नाहीत ही अडचणही खरी नाही: अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला उत्पन्न न पाहता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला आहे.

कोणी म्हणेल, हा मास्तर विद्रोहाची धार बोथट करतो. मला तसे वाटत नाही. १९३७ साली बाबासाहेब एका खटल्यासाठी धुळ्याला आले होते. ज्या समाजाला न्यायालयाच्या पायरीवर उभे राहायची चोरी होती, त्याचा माणूस वकिलाच्या झग्यात आत गेला. तोही विद्रोहच होता. काकांनी धक्का दिला तो माणूस म्हणूनच दिला, आणि मी त्यांना दोष देणार नाही. माझी खंत एवढीच की त्या रात्री वस्तीत लिहिता येणारा मी होतो, सातवीतला का होईना, आणि मी काहीच लिहिले नाही.

या महिन्यात पुन्हा त्या वस्तीत जाणार आहे. आबांना सांगेन: घर आपलंच आहे. जीव जायची वेळ आली तर हातही आपला आहे. त्याअगोदर मात्र वही, साक्षीदार आणि सहा महिन्यांची मुदत. तुमच्या नातवाला लिहिता येते ना? मग त्या रात्री त्याला जागे करा.